आरोग्यमंत्री साहेब, मधली एजन्सी काढा, आम्हाला थेट घ्या

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसते, डाटा एन्ट्री ऑपरेटर, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, सात वर्षं झाली. परवा नव्या एजन्सीचा माणूस आला आणि म्हणाला, जुन्यांचं टेंडर संपलं, आता आमच्याकडे नव्याने जॉइन व्हा आणि सोमवारपर्यंत पाच हजार डिपॉझिट भरा. खुर्ची तीच, खिडकी तीच, पेशंट तेच, गळ्यातलं कार्ड तेवढं बदलणार आणि माझी सात वर्षं गेली पाण्यात. जुन्या एजन्सीने तीन महिन्यांचा पगार बुडवलाय तो वेगळाच, फोनच उचलत नाहीत. मोबाइलवर पीएफचं पासबुक बघितलं तर जानेवारीनंतर एक रुपया जमा नाही, पगारातून मात्र दर महिन्याला कापलाय.

साहेब, एजन्सीचं बिल ऑफिसात मीच टाइप करते. माझ्या नावापुढे १९,८०० आणि माझ्या खात्यात ११,६००. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) दोन्हीकडचं धरलं तरी वरचे चार हजार उरतात, ते कोण खातं?

कोविडात परमनंट लोकांच्या बरोबरीने मी त्याच खिडकीत बसले, माझ्यामुळे घरी आईला लागण झाली, तेव्हा कुणी विचारलं नाही की तू कुठल्या एजन्सीची. आता पगार मागायला गेलं की अधीक्षक म्हणतात, तुम्ही आमच्या नाहीच, एजन्सीला विचारा. अहो, कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही तेच आहे. एजन्सी मधे घातलीय ती याच्यासाठीच, की आमचं मालक कुणीच होऊ नये!

६ सप्टेंबर २०२३ ला सरकारने ९ एजन्सींमार्फत भरतीचा जीआर काढला, पोरं रस्त्यावर उतरली, आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करतोय असं सरकारनेच जाहीर केलं. त्या दिवशी आम्ही ऑफिसात पेढे वाटले साहेब. मग हा पाच हजार मागणारा माणूस आला कुठून? पदं रिकामी ठेवायची, जाहिरात काढायची नाही, आणि त्याच कामाला मधल्या माणसाकरवी आम्हाला निम्म्यात राबवायचं, हे प्रत्येक सरकारने केलंय, एकालाही सोडत नाही मी.

आम्हाला फुकट परमनंट करा म्हणत नाही. परीक्षा घ्या, मुलाखत घ्या, पण रुग्णालयाने थेट नेमा आणि पगार थेट आमच्या खात्यात टाका. थकलेले तीन महिने आणि पीएफ आधी द्या.

आणि सोमवारी ते पाच हजार भरू का नको, एवढं तरी कुणाला तरी फोन करून सांगायला लावा.