डिसेंबरात मी नाही, बाटल्या येतील

प्रिय आई-बाबा,

नाताळात मी येत नाहीये. तिकीट फेब्रुवारीचं काढलंय, चांगलं तीन आठवड्यांचं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच आहे. दिवसातून कितीदा तरी डोळ्यांत थेंब घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही. अशा वेळी मी घरात हवी. शिवाय नाताळाची तिकिटं फार महाग असतात. आई, फोनवर तू फक्त "बरं" म्हणशील आणि फोन बाबांकडे देशील, म्हणून हे लिहून कळवतेय. रागावू नकोस गं.

मनूबरोबर सामिक्लाउसच्या दोन बाटल्या पाठवतेय. बाबा, तुम्ही विचारत होतात ना, तीच नाताळची बिअर. वर्षातून एकदाच, 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी ती करायला घेतात. मग जवळजवळ दहा महिने थंड टाक्यांत मुरवून पुढच्या नाताळासाठी बाटलीत भरतात. आधी ती झुरिकच्या ह्युर्लिमान ब्रुअरीची होती. ती ब्रुअरी बंद पडली आणि 2000 पासून इथल्या, ऑस्ट्रियातल्या एगेनबर्ग ब्रुअरीच्या लोकांनी ही बिअर पुन्हा सुरू केली. ग्मुंडेनहून ट्राम थेट फोर्शडॉर्फ-एगेनबर्गपर्यंत जाते, त्यामुळे मिळवायला त्रास काहीच नाही. एवढ्या अल्कोहोलमध्ये साधं यीस्ट मधेच दम तोडतं आणि बिअर नुसती गोड राहते. ह्युर्लिमानचं यीस्ट टिकतं, खरी करामत त्याचीच.

आता नीट ऐका. अल्कोहोल 14 टक्के आहे, म्हणजे 90 मिलि.मध्ये व्हिस्कीच्या 30 मिलि.च्या छोट्या पेगइतकं. बाटली 330 मिलि.ची. ती चौघांत वाटायची, एकट्याने संपवायची नाही. गोडव्यामुळे अल्कोहोल जिभेला कळत नाही, पायांना कळतं. आणि बाबा, डॉक्टरांना आधी विचारा, आईसमोर विचारा. साखरेच्या गोळीवर उपाशीपोटी दारू घेतली की साखर एकदम खाली जाऊ शकते. झोपेची गोळी असेल त्या रात्री तर थेंबसुद्धा नाही. डॉक्टर नको म्हणाले तर नको. बिअर वाया जाणार नाही, ही वर्षानुवर्षं टिकते, उलट मनुकांसारखा वास चढत जातो.

बाटल्या उभ्या ठेवा, म्हणजे आतल्या हवेशी बिअरचा संबंध कमी येतो. आई, शोभेला म्हणून खिडकीत ठेवू नकोस. ऊन लागलं की हॉप्समुळे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमुळे, कुबट वास येतो, आणि पुण्याच्या एप्रिलात तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागेल. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मागे ठेव. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, साधारण 10 ते 12 अंशांवर येऊ द्या. फार गार असली की खजूर, मनुका, जळक्या साखरेचा वास दबून राहतो. बर्फ अजिबात नको. स्टीलचा पेला नको, कपाटातले वाईनचे छोटे ग्लास काढा. तिरपा धरून हळूहळू ओता. फेस लगेच बसेल, गॅस कमी वाटेल. बाटली खराब निघाली म्हणून मनूला बोलू नका, ती असतेच तशी. उघडली की त्याच रात्री संपवायची.

सोबत चिवडा नको. अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. चीज, अक्रोड, फार तर एखादा अनारसा. आई, तुझ्या अनारशांबरोबर ती किती छान लागेल! गुळाचा आणि खसखशीचा वास तिच्यात अगदी मिसळून जाईल. तू घेणार नाहीस, माहितीये. नाशिकनंतरचं तुझं म्हणणंही माहितीये आणि मी तो विषय काढत नाही. नुसता वास घेऊन बघ, एवढंच. माझ्या वाटणीचे अनारसे मात्र डब्यात ठेव, वरची जाळी असलेले.

आधी जेवण, मग बिअर. बाबांनी त्या रात्री गच्चीवर जायचं नाही, जिन्याचा दिवा अजून बसवलेला नाही. तो या आठवड्यात बसवून घ्या आणि मला फोटो पाठवा. गिझरचं बटणही बदला. दुसरी बाटली ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की मी स्वतः उघडेन, तोवर तिला हात लावायचा नाही.

मनू जेवूनच येईन म्हणेल. ऐकू नका, वाढा.

तुमची,
चिनू