आवडत्या सिनेमांशी भांडायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत आवडलेल्या मराठी सिनेमांबद्दल वाचकांची पत्रं येत आहेत. मी ती मन लावून वाचते. त्यातला एक सूर असा, की प्रभात फिल्म कंपनी गेली, दिग्दर्शक राजा परांजपे गेले आणि त्यांच्याबरोबर मराठी सिनेमाही गेला. दुसरा सूर कॉलेजातल्या मुलामुलींचा. त्यांना जुने सिनेमे संथ वाटतात, नट नाटकात बोलल्यासारखे बोलतात असं वाटतं, आणि त्यांच्या लेखी मराठी सिनेमा २००४च्या 'श्वास'पासून सुरू होतो. जिव्हाळा दोन्हीकडे आहे. पण पडद्यावर नेमकं काय घडलं, कोण कसं वागलं, शेवट पटला की नाही, हे फार थोड्या पत्रांत सापडलं. कोणी हात जोडतं, कोणी नाक मुरडतं आणि पत्र तिथंच संपतं.

मला वाटतं, आवडत्या सिनेमाशी भांडता आलं पाहिजे. ज्यांना आपण अभिजात म्हणतो ते सिनेमे काढणारी माणसंसुद्धा आपापल्या काळाशी भांडतच होती.

'संत तुकाराम' घ्या. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली तो प्रभातसाठी केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, हे सगळे लिहितात. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांबद्दलही लिहितात. आवलीबद्दल कोणी लिहीत नाही. गौरी यांनी उभी केलेली ही आवली माझ्या मते त्या सिनेमाचा कणा आहे. नवरा विठ्ठलाच्या नादात, घरात दाणा नाही, पोर आजारी. ही बाई एका हातानं पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला! त्या सिनेमात देव खरा आहे आणि तिचा रागही तितकाच खरा आहे. दिग्दर्शकांनी तिला अडाणी किंवा कजाग ठरवून निकालात काढलं नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती मागेच राहते, कारण पोराबाळांचं कोण बघणार? भक्तिपटात संसाराची बाजू इतक्या ठामपणे मांडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. (जाता जाता, 'आधी बीज एकले' हा तुकोबांचाच अभंग असं समजणारे आजही भेटतात. तो शांताराम आठवले यांनी या सिनेमासाठी लिहिला.)

पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावून दिलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांचा ताठ मानेचा अभिनय आजही अंगावर येतो. आणि संथपणाची तक्रार करणाऱ्यांनी या सिनेमातला आवाज ऐकावा. पार्श्वसंगीत नाहीच. घरातले, रस्त्यावरचे आवाज आणि भिंतीवरचं घड्याळ यांवर सगळा ताण उभा केलाय, तोही १९३७ साली. काकासाहेबांच्या सुधारक मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी कित्येक वर्षं खस्ता खाल्ल्या, हे माहीत असलं की तिचा प्रत्येक प्रसंग वेगळा दिसतो.

या सिनेमाशी माझं भांडण शेवटावरून आहे. काकासाहेब पश्चात्तापानं जीव देतात आणि नीराला मोकळं करतात. नीरा एवढी लढली, आणि तिची सुटका अखेर नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणातून झाली! यावर कोणी म्हणेल, तेव्हा दुसरा मार्ग कुठं होता? हे खरं आहे. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा अजून १८ वर्षं होती. पण मग त्या शेवटाला थोर म्हणण्याऐवजी, कायद्यानं सगळी दारं बंद केली म्हणून कथा तिथं अडली, असं आपण का म्हणत नाही? मला तरी असं पाहिल्यावरच 'कुंकू' जास्त कळला.

याच शांतारामबापूंनी १९३९च्या 'माणूस'मध्ये मैना उभी केली. वेश्येची भूमिका, पण शांता हुबळीकरांनी तिला कीव करण्याजोगी होऊ दिलं नाही. म्हणूनच १९७२चा शांतारामबापूंचा 'पिंजरा' पाहताना मी दरवेळी अस्वस्थ होते. डॉ. श्रीराम लागूंचं काम अफाट आहे. राम कदमांची गाणी आमच्या कोल्हापुरात आजही लग्नाकार्यात वाजतात. पण या कथेत तमाशातल्या बाईच्या मोहात पडलेल्या मास्तरांनी काय गमावलं याचाच हिशेब होतो. तत्त्व गेलं, नाव गेलं, जीवही गेला. गावाच्या भल्यासाठी मास्तर तमाशाला विरोध करतात, तेव्हा त्या फडातल्या बायकांनी खायचं काय, हा प्रश्न कथेला फारसा पडत नाही. बाई म्हणजे पुरुषाचं अधःपतन, ही जुनीच मांडणी 'कुंकू' काढणाऱ्या दिग्दर्शकानं ३५ वर्षांनी पुन्हा का केली असेल? कोणा जाणकार वाचकानं यावर लिहिलं तर मला फार आवडेल.

आता नवे सिनेमे. जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात दारूत बुडालेला एक मास्तर साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटलाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: मारुती कांबळेचं काय झालं? निळू फुले आणि लागू यांच्या जुगलबंदीबद्दल भरपूर लिहून झालंय. माझं लक्ष मारुती कांबळेकडे जातं. सगळा सिनेमा त्याच्यामुळे घडतो, पण त्याच्यासाठी बोलतो तो मास्तर. पटकथा लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी हे जाणूनबुजून केलं असावं, कारण असा माणूस गायब होतो आणि गाव गप्प राहतं हेच त्यांना दाखवायचं होतं.

सुमारे ४० वर्षांनी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' येतो. इथं डुकरं धरणाऱ्या कुटुंबातल्या शाळकरी जब्याच्या वतीनं बोलायला मास्तर नाही. डुक्कर धरता धरता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. मग पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं. एक शब्द न बोलता किती सांगून टाकलंय! आणि शेवटी जब्या स्वतः दगड उचलतो. 'सामना'मधल्या प्रश्नाचा पुढचा भाग मला इथं दिसला. पाठोपाठ चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधले लोकशाहीर नारायण कांबळे पाहा. रंगमंचावर त्यांचा आवाज खणखणीत, आणि न्यायालयात मात्र त्यांच्याबद्दल बाकीचेच बोलत राहतात. वीरा साथीदार २०२१ साली आपल्यातून गेले. त्यांच्या या एका भूमिकेवर मी तासभर बोलू शकेन.

जुने सिनेमे संथ म्हणणाऱ्या तरुण मित्रांनाही माझं सांगणं आहे. तुम्हाला आवडलेला 'कोर्ट' किती संथ आहे ते आठवा. कॅमेरा हलत नाही. सरकारी वकील बाई न्यायालयातून निघतात, मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, आणि हे सगळं दिग्दर्शक सावकाश बघू देतो. तिथं ती संथ गती तुम्हाला ताकद वाटते, तर 'कुंकू'तल्या घड्याळापाशीही तेवढं थांबून पाहा.

'अशी ही बनवाबनवी'वर खूप पत्रं आली, आणि योग्यच आहे. फक्त एवढंच जोडते, की १९८८चा तो धुमाकूळ भाड्याची खोली मिळत नाही या खऱ्याखुऱ्या अडचणीवर उभा आहे. म्हणून तो शिळा होत नाही.

'बाईपण भारी देवा' २०२३ साली आला तेव्हा बायका घोळक्यानं थिएटरात गेल्या. मीही गेले, हसले, रडले. तरी सहा बहिणींच्या घरातले खरे पेच मंगळागौरीच्या स्पर्धेपाशी येऊन जरा लवकर सुटतात, ही माझी तक्रार आहे. आणि रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंड'बद्दल एकाही पत्रात उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं. सनडान्स महोत्सवात २०२५ साली जागतिक कथापटांच्या विभागात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात मुंबईचा मुलगा गावी येतो, नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात, आणि आई त्याचं समलिंगी असणं जाणून त्याच्या पाठीशी उभी राहते. मराठी घरातलं मौन इतकं नेमकं टिपलेलं मी क्वचित पाहिलंय.

एका सिनेमाशी मात्र मला भांडताच येत नाही, कारण तो आता नाहीच. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली आमच्या कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कर्जात नागवला गेलेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. त्याची प्रत उरलेली नाही. शेतकऱ्याच्या कर्जावर आजही रोज बातम्या छापणाऱ्या या राज्याला, आपल्या पहिल्या मोठ्या कर्जपटाची एक फीतही सांभाळता आली नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच शिल्लक आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, त्याची हळहळ आम्हाला अजून आहे. जे वाचलंय ते तरी लोकांना पाहायला मिळालं पाहिजे.

म्हणून आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले जुने मराठी सिनेमे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नांदेड अशा जिल्ह्याच्या गावी नियमित दाखवले जावेत, यासाठी आपल्या दैनिकानं पाठपुरावा करावा. आणि पुरवणीत वाचकांना एक जुना आणि एक नवा सिनेमा शेजारी ठेवून, काय पटलं आणि काय नाही ते प्रसंगासकट लिहायला सांगावं. शाळकरी मुलांची पत्रंही त्यात घ्यावीत. 'कुंकू'चा शेवट मला पटत नाही, त्याची कारणं वर दिलीच आहेत. ज्यांना तो योग्य वाटतो त्यांनी आपली बाजू अवश्य मांडावी, मी वाट पाहते आहे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर