पॅसेंजर गाडीचे पैसे घेऊन बसने महामार्गाने नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कोकण रेल्वेच्या इतिहासावरील सहलीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळणे व चुकीची माहिती देणे.

महोदय,

आपल्या या सहलीला मे महिन्यात मी, माझी पत्नी आणि पुण्याचे मेहुणे-मेहुणी असे चौघे आलो होतो. जाहिरातीत दिवा–सावंतवाडी पॅसेंजरने प्रवास, वाटेतल्या छोट्या स्थानकांची माहिती आणि सोबत जाणकार मार्गदर्शक, असं स्पष्ट छापलं होतं. प्रत्यक्षात आम्हाला एक्स्प्रेसने रत्नागिरीला आणलं आणि तिथून वातानुकूलित बसमध्ये बसवून महामार्गाने कुडाळला पोचवलं. विचारलं तर आपले प्रतिनिधी म्हणाले, "पॅसेंजरला फार वेळ लागतो."

तो वेळ मिळावा म्हणूनच आम्ही ही सहल निवडली होती. वीर स्थानकाच्या पुढे मार्ग बहुतेक एकेरी आहे. समोरून किंवा मागून एक्स्प्रेस येणार असली की पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतात. विलवडे, आडवली, झाराप ही स्थानकं माणसाला दिसतात ती अशा क्रॉसिंगच्या वेळी. फलाटावर उतरावं, करवंदं-जांभळं घ्यावीत, गाडीची वाट बघत बसलेल्या गावकऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. राजापूर रोडला उतरणाऱ्याला गावात पोचायला अजून बराच रस्ता कापायचा असतो, तेव्हा स्थानकाबाहेरची रिक्षा आणि एसटी हासुद्धा या रेल्वेच्या सेवेचाच भाग आहे. यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नाही. आपण दिलेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पानवलचा रेल्वेपूल छापला आहे, 64 मीटर उंचीचा. तो रत्नागिरीच्या पुढे, निवसरच्या अलीकडे लागतो. बसमुळे तोही हुकला.

यापेक्षा गंभीर तक्रार मार्गदर्शकाबद्दल आहे. पन्नासेक माणसांसमोर त्याने सांगितलं की मुंबई–ठाणे गाडी सुरू झाल्यावर लवकरच ब्रिटिशांनी कोकणात रूळ टाकले. आपल्या पुस्तिकेतही तेच आहे. हे धादांत खोटं आहे. 1853 नंतर दहा वर्षांत रेल्वे बोरघाट चढून देशावर गेली, आणि कोकण मात्र बोटी, पडाव आणि पुढे एसटी यांच्या भरवशावर राहिलं. रोह्यापर्यंत गाडी यायला 1986 उजाडलं. अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी आपली उमेदीची वर्षं कोकणात रेल्वे आणण्याच्या मागणीत घातली. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6, आणि बांधकामाला लागणारी बाकीची मोठी रक्कम रोखे काढून उभी केली. रोहा–वीर टप्पा 1993 मध्ये सुरू झाला, संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सुरू झाला. आमच्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट आहे. ती परक्या सरकारच्या नावावर लावलेली मी ऐकून घेणार नाही.

मला ते इतकं का लागलं, तेही सांगतो. या मार्गासाठी सुमारे 42,000 जमीनमालकांची जमीन घेतली गेली. त्यात आमच्या घरचा भाताचा कोपरा आणि कलमांची बाग होती. वडिलांनी कलमं तुटताना पाहिली, पण मोजणीदारांना घरी जेवायला घातलं, कारण गाडी यायला हवी होती. मऊ मातीतले बोगदे खणताना माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. बांधकामात 74 माणसं गेली. त्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. आम्ही त्याच स्थानकात उतरलो, पण मार्गदर्शकाने तिकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, सगळ्यांना घाईने बसकडे नेलं.

आजच्या सेवांबद्दलही तो गप्प होता. कोलाडहून मालट्रक चालकांसकट मालगाडीच्या वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा 1999 पासून चालू आहे. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळं वेळापत्रक लावतात आणि गस्तवाले रात्री रुळांवरून चालत दरडी तपासतात. 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून झालेला अपघात ज्याला माहीत आहे, त्याला त्या गस्तीचं मोल सांगावं लागत नाही. ही माहिती कोणत्याही स्थानकावरच्या कर्मचाऱ्याने प्रेमाने दिली असती. विचारण्याचे कष्ट तरी घ्यायचे.

माझ्या मागण्या अशा. चौघांच्या सहलखर्चातील पॅसेंजर प्रवासाचा व मार्गदर्शनाचा भाग परत करावा. पुस्तिकेतला मजकूर दुरुस्त करून त्या सहलीतल्या सर्वांना पाठवावा, कारण त्यात शाळकरी मुलंही होती आणि ती हेच शाळेत जाऊन सांगतील. पुढच्या सहलीत पॅसेंजर नसेल तर जाहिरातीतून ती काढावी. मार्गदर्शक म्हणून या मार्गावर नोकरी केलेला एखादा निवृत्त कर्मचारी घ्यावा. अशी माणसं कणकवली, कुडाळ भागात आहेत, मी स्वतः गाठ घालून देईन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, जाहिरात आणि पुस्तिकेच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग