हिरव्या पानामागे काय दडलंय?

महोदय,
शाम्पू, टूथब्रश, वेट वाइप्सवर हिरवे पान छापून ‘इको-फ्रेंडली’ म्हणण्याची सध्या चढाओढ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा मोघम दावा पुराव्याविना करता येत नाही. तो उत्पादनाबद्दल आहे, वेष्टनाबद्दल की निर्मितीप्रक्रियेबद्दल, हेही सांगावे लागते. नाशिकच्या दुकानांत मात्र बाटलीवर नुसतेच पान!

बांबूचा ब्रश घ्या. दांडा बांबूचा, पण केस बहुधा नायलॉनचेच. ब्रश टाकताना पकडीने केस उपटावेत. सोबत धातूची बारीक पट्टीही निघते. ती आणि केस सुक्या कचऱ्यात, दांडा तेवढा खतात. अख्खा ब्रश खड्ड्यात टाकला तर नायलॉन मातीतच राहते.

वाइप्सच्या पाकिटावर ‘पॉलिएस्टर’ (म्हणजे प्लास्टिकचा धागा) शोधा. उल्लेखच नसेल तर एक वाइप पूर्ण वाळवून चिमट्यात धरा आणि कोपरा पेटवा. वितळून कडक मणी झाला तर त्यात प्लास्टिक आहे. सुती किंवा व्हिस्कोसच्या (लाकडाच्या लगद्यापासूनच्या धाग्याच्या) वाइपची भुरभुरीत राख होते. शौचालयात तर कुठलेच वाइप टाकू नये, गटार तुंबते.

‘नैसर्गिक’ शाम्पूचे पाऊचही बहुपदरी प्लास्टिकचे असते. पदर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. २०२७च्या कुंभमेळ्यात रामकुंडावर त्यांचा खच पडू नये, यासाठी महापालिकेने आत्ताच विक्रेत्यांशी बोलावे.

फसव्या दाव्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि बिल जपून ठेवावे.

– एक ग्राहक, नाशिक