सुध्या, आई सही करत नाहीये

कोथरूड, पुणे

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला उत्तर नाही, शिव्या घालून झाल्याच असतील. साखर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. आता मुद्द्याचं. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

गेल्या रविवारी आई-अण्णांना घेऊन टिळक रोडच्या आतल्या एका हॉलमध्ये गेलो. दिल्लीच्या शेतकरी आंदोलनावरची डॉक्युमेंटरी होती. घडीच्या खुर्च्या, पंखा एकच, तोही वक्त्यांच्या डोक्यावर. अण्णा आले ते शर्टाला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून. २०२० च्या डिसेंबरात तू नाशिकच्या जथ्याबरोबर त्या आंदोलनात राजस्थान-हरियाणाच्या शहाजहानपूर बॉर्डरला निघालास, तेव्हा अंगणात तुमची जुंपली होती, ते म्हातारं अजून विसरलेलं नाही. बाजार समितीबाहेर माल विकायची मोकळीक संघटनेच्या शरद जोशींनी जन्मभर मागितली, ती नव्या कृषी कायद्यांनी मिळत असताना तुम्ही आडवे पडता, हे त्यांचं. पंजाबातला गहू-भात सरकार हमीभावाने उचलतं, मंडी मोडली तर तिथला शेतकरी कुणाच्या दारात जाणार, हे तुझं. कांद्याला हमीभाव नाही, वर मधूनमधून निर्यातबंदी. चाकणच्या माणसाला सरकार मधे नको आणि भटिंड्याच्या माणसाला सरकार गिऱ्हाईक म्हणून हवं. दोघंही बरोबर होतात. मी हे तेव्हाही म्हणालो होतो आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या होत्या. तू तर मला ‘दोन्ही डगरींवरचा’ म्हणालास. ते मी विसरलेलो नाही.

असो. २६ जानेवारी २०२१ ची ट्रॅक्टर परेड आली तेव्हा अण्णा पुटपुटत होते, १९ नोव्हेंबरला कायदे मागे घेतल्याची घोषणा आली तेव्हा जोरात खोकले. आई मात्र हलली नाही. ताडपत्रीखाली ट्रॉलीत बसून लसूण सोलणारी एक म्हातारी, मग ८ मार्चला दिल्लीच्या वेशीवर टिकरीला पिवळ्या ओढण्या घेऊन बसलेल्या हजारो बायका. बाहेर चहा घेताना आईने विचारलं, “त्या बायांची नावं हायती का सातबाऱ्यावर?”

अण्णा म्हणाले, “तिकडं सातबारा नसतो, फर्द असते.”

“असंल. नाव हाय का?”

कुणी बोललं नाही. बहुतेकींची नसणार, हे काय मी सांगायचं?

आता खरं दुखणं ऐक. ओढ्याकडच्या सव्वा एकराचा बापूने प्लॉटिंगवाल्याकडून विसार घेतलाय. आणि तो तुकडा आईच्या नावावर! बायकोच्या नावावर जमीन करायची संघटनेची ती लक्ष्मीमुक्ती, तिच्यात गावात पहिलं नाव अण्णांनी चढवलं होतं. शंभरावर घरांनी केलं म्हणून जोशीसाहेब गावात आले आणि आपण दोघं मांडवामागे जिलब्या हाणत होतो. तेव्हा भाषणात टाळ्या घेतलेले अण्णा आता आईसमोर कागद धरून बसलेत. त्यांच्याच हिशोबाने जमीनसुद्धा माल, परवडत नसेल तर विकून मोकळं व्हावं. तत्त्वाला धरूनच आहे म्हणा. आई म्हणते, “नाव माझं घातलंत ना? मग इचारायला या, सही मागायला नको.”

बापू तिच्याशी बोलत नाही. विसार परत द्यायचा तर त्याने त्यातून ट्रॅक्टरचे थकलेले हप्ते भरून टाकलेत. आणि माझं म्हणशील तर माझ्या वाट्यातून फ्लॅटचं कर्ज निम्म्याहून जास्त फिटतं, हिने तर स्वयंपाकघराच्या फरशा बघून ठेवल्यात. रात्री गुंठ्याचा भाव डोक्यात फिरतो, सकाळी आईचा फोन आला की जीभ टाळूला चिकटते. त्या ओढ्याकडे कांदा कधीच धड आला नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण चाकणची शेडं आता बांधाला लागलीत. एकदा गेलं की ते शेत नाही, गोडाऊनचं पार्किंग. अण्णांना म्हटलं, थोडं थांबू. ते म्हणाले, “१९८० ला कांद्याच्या भावासाठी हायवेवर बसलो तेव्हा तू पाळण्यात होतास.” याचा याच्याशी संबंध काय, तूच सांग!

आईला तू फोन कर. तुझं ऐकते ती, संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला तुझ्या आईबरोबर गेली होती ते अजून सांगते. फक्त तिला विक म्हण की विकू नको म्हण, हे मला विचारू नकोस. आणि बापूच्या कानावर घालू नकोस, तो समजेल मी लावून दिलं.

वैदूची बारावी कशी गेली? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. उन्हाळ्यात या, आंबे आहेत.

तुझा,
दत्ता

ता. क. अण्णांनी विचारलंय, त्या जथ्यात खायला काय होतं. हा समेट समजावा की टोमणा, तूच ठरव.