खुर्ची सरळ केलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

शिवणकाम करणाऱ्या ज्या ताईंना मी तुमच्याकडे पाठवलं होतं, त्यांच्यासाठी हे पत्र. उजव्या दाढेवर नवी कॅप बसल्यापासून कानापुढे ठणका, मान आखडलेली, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. कॅप बसवणाऱ्यांनी भूल उतरायच्या आत चावा तपासला आणि नंतर ‘होईल सवय’ म्हणून बोळवण केली. बधिर तोंडाने कोण नीट चावून दाखवणार? एरवी दातांमध्ये 20 मायक्रॉनची जाडीसुद्धा जाणवते; केस त्याहून कितीतरी जाड असतो. दुसऱ्या ठिकाणी तर ‘जबड्याला प्लेट लावा, कणा सरळ होईल’ म्हणून मोठा खर्च सांगितला. चाव्यामुळे कणा वाकतो याला भक्कम पुरावा नसताना असं बोलायला जीभ कशी रेटते?

तुम्ही आडव्या खुर्चीत, दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा कागद दातांमध्ये धरलात, ठिपके सगळीकडे सारखे आले. बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही खुर्ची सरळ केलीत, पाय जमिनीला टेकवायला लावलेत आणि म्हणालात, “ताई, मशीनवर बसता तशा बसा.” मग पुन्हा कागद. या वेळी कॅपवर गडद कडं उमटलं, मधोमध पांढरा ठिपका; म्हणजे जास्तीचा दाब तिथेच येत होता. आडवं झालं की खालचा जबडा मागे सरकतो, मान खाली घातली की पुढे येतो आणि दात आधी कुठे टेकतात तेही बदलतं. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण पेशंट दिवसभर कशी बसते, हे विचारायला माणूस लागतो. ताई मला कॅपचं नंतर बोलल्या, आधी तुम्ही बसण्याचं विचारलंत हेच सांगितलं.

घासलीत ती फक्त कॅप, तीही जराशी. शेजारच्या चांगल्या दातांना हात लावला नाहीत, याचे वेगळे आभार. घासलेला दात परत येत नाही.

ओठ मिटलेले, दात 2 ते 4 मिलिमीटर सुटे, जीभ ‘न’ म्हणताना टेकते तिथे: हे तुम्ही शिकवलेलं ताई दर वेळी बॉबिन बदलताना करतात. परवा त्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवली. डोळे भरून आले होते, त्यांचे आणि माझेही. मान अजून डावीकडे पूर्ण वळत नाही. ते काम माझं, मी बघते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट