विडी कामगार बायांचा अडकलेला फंड सोडवायचा आहे, माणसं हवीत : सोलापूरच्या पूर्व भागातून आवाहन

सोलापूरकर मंडळी, आणि पोटापाण्यासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठलेले आपले सगळेच लोक, नमस्कार.

काय नको ते आधी सांगतो. जुने कपडे नकोत. तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्याही नकोत. टाळेबंदीत त्यांची गरज होती, तुम्ही भरभरून दिलंत, वस्ती ते विसरलेली नाही. पण पिशवी आठ दिवसांत संपते आणि वाटप करतानाचा फोटो तेवढा वर्षानुवर्षं फिरत राहतो. या वेळी आम्हाला तुमचा रविवार हवा आहे, फॉर्म भरणारा हात हवा आहे आणि थोडे पैसे.

काम असं आहे. अशोक चौक, साखर पेठ, दत्तनगर, नीलमनगर, विडी घरकुल ते थेट कुंभारीपर्यंत घरोघरी अशा बाया आहेत, ज्यांनी तीस-तीस वर्षं विड्या वळल्या. त्यांच्या मजुरीतून फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापला गेला, कारखानदाराने आपला हिस्सा भरला, पैसे फंडाच्या कार्यालयात जमाही आहेत. बाई मात्र ते काढू शकत नाही. कारण विडी कामगाराच्या कार्डावर ती नरसाबाई, आधारवर नरसम्मा आणि बँकेत नरसव्वा आहे. कुणाची जन्मतारीख जुळत नाही, कुणाचा अंगठा लागत नाही, कुणाचा कारखानाच बंद झाला. या बायांसाठी आम्ही वस्तीतली काही माणसं दर रविवारी मंडळाच्या खोलीवर बसतो. येणाऱ्या बाया वाढल्या, बसणारे तेवढेच राहिले, म्हणून हे आवाहन.

बाहेरच्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ची. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा पूर्व भाग वसवला. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, लक्ष्मी-विष्णूचा भोंगाही नव्वदच्या दशकात थांबला, आणि पुरुषमंडळी चादर-टॉवेलच्या यंत्रमागावर गेली. २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाख वस्तीचं हे शहर, पण मोठा पगार देणारा उद्योग हाताच्या बोटांवर मोजावा इतका. इंजिनिअर झालेला पोरगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो आणि तिकडचाच होतो. मागे राहतं ते मागाचं काम, शिलाईचं काम आणि विडी. मागाचं काम मालाच्या उठावावर. ऑर्डर नसली की कारखाना आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद, आणि बंद दिवसाची मजुरी नाही. अशा घरात वर्षानुवर्षं चूल पेटत ठेवली ती बाईच्या सुपाने, म्हणजे सूप घेऊन वळलेल्या विड्यांनी.

ते सूप कसं चालतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रँचमधून, म्हणजे कारखान्याच्या शाखेतून, तेंदूचं पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. रात्री पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांवर मजुरी. हजार वळायला सगळा दिवस जातो, तोही घरातल्या पोरीने पान कापून दिलं तर. संध्याकाळी ब्रँचमध्ये तपासणी होते आणि छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढतात. छाटेची मजुरी नाही. पान फाटकं निघालं, कमी पडलं, तर बाजारातून स्वतःच्या पैशाने आणून आकडा पुरा करायचा. चाळिशीनंतर मान धरते, पाठ वाकते, आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला कायमचा मुक्कामाला येतो.

विडीने ओढणाऱ्याचं वाटोळं होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याच घरांत माणसं गेली आहेत. विडी कमी खपते आहे, ती तशीच कमी होत जावी. पण खप घटला की पहिला फटका वळणारीला बसतो. पूर्वी आठवडाभर मिळणारं पान आता तीन-चार दिवसच मिळतं. तरण्या पोरी शिलाईच्या कारखान्यात किंवा दुकानात जातात, ते बरंच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कुठेच बोलावणं येत नाही. तिची सगळी शिल्लक म्हणजे तो फंड.

हा फंड कुणी दया येऊन दिलेला नाही. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा १९६६ साली झाला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा या धंद्याला १९७७ साली लागू झाला. घरी बसून वळणारी बाई कामगारच नाही, असं म्हणत कारखानदार न्यायालयात गेले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही कामगारच असल्याचं ठरवलं. सोलापुरात लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या, बायांनी यासाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आणि रे नगरची घरंही त्याच चळवळीतून, माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या पाठपुराव्याने उभी राहिली. आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही आणि युनियनचेही नाही, पण ज्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता गाडं कुठे अडतं ते पाहा.

सगळ्यात मोठी भानगड नावाची. माहेरचं नाव तेलुगू, लग्नात बदललेलं नाव वेगळं, कार्ड लिहिणाऱ्या कारकुनाने ऐकू आलं तसं मराठीत लिहिलं, पुढे संगणकात इंग्रजीत चढवणाऱ्याने आपल्या मनाने स्पेलिंग केलं. तीच गत कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांची. नाव दुरुस्त करायला कामगार आणि मालक दोघांच्या सह्यांचं संयुक्त घोषणापत्र लागतं. मालकाच्या कार्यालयात जायचं म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या.

मग वय. फंडासोबतची पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि नोकरीची किमान दहा वर्षं भरलेली हवीत. कार्ड काढताना वय अंदाजाने लिहिलेलं, आधारवर भलतंच. जानेवारी २०२४ पासून जन्मतारखेचा पुरावा म्हणून फंडाचं कार्यालय आधार धरत नाही. शाळेचा दाखला आणा म्हणतात. शाळेत गेली असती तर बाई सूप घेऊन कशाला बसली असती? मग उरतो जिल्हा शल्यचिकित्सकांचा वयाचा दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तो मिळतो, पण त्यासाठी हेलपाटे आहेत, आणि हेलपाट्याला सोबत लागते.

अंगठ्याचं तर विचारू नका. रोज हजार वेळा पान दाबून दाबून बोटांच्या रेषाच झिजतात. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. ‘लागंना की ओ’ म्हणत बाई पदराला बोट पुसते आणि पुन्हा ठेवते. रेशनच्या दुकानात हेच, बँकेत हेच, पेन्शनसाठी दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्यालाही हेच. हयातीचा दाखला आता चेहऱ्यावरून मोबाइलवर काढता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण ते बऱ्याच घरी माहीत नाही, माहीत असलं तर मोबाइल जुना, आणि मोबाइल चांगला असला तर आधारला जोडलेला नंबर पुण्यात असलेल्या पुतण्याचा. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो ड्युटीवर असतो.

बाई वारली तर पुढचं सगळंच अवघड. नोकरीत असताना कामगार गेला आणि पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली, तरी जोडीदाराला पेन्शन आहे. नवरा गेला तर बायकोला मिळते हे लोकांना ठाऊक असतं. बायको गेली तर नवऱ्यालाही मिळते, हे ऐकून माणसं आमच्या तोंडाकडे बघत राहतात. मृत्यूनंतरच्या विम्याचे पैसे असतात, त्यांचा तर बहुतेक वेळा अर्जच होत नाही.

या सगळ्या अडचणींवर दलालांची दुकानं चालतात. पैसे मिळाले की ठरावीक टक्के त्यांचे. काही दलाल पासबुक आणि एटीएम कार्डच ठेवून घेतात. बाई तरी काय करणार, तिला फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता भरायचा असतो. गटातल्या एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात.

किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. आमच्या बायांना बहुतेक तेवढीच किंवा त्याच्या आसपास बसते. हजार रुपयांनी काय होतं, असं विचारणारे भेटतात. गॅसचं सिलिंडर भरल्यावर त्यातलं फारसं उरत नाही, हे खरंच. रक्कम वाढली पाहिजे, त्यासाठी देशभरातले पेन्शनर लढताहेत. पण सुनेकडे न मागता बीपीची गोळी आणता येणं, याची किंमत ज्या बाईने मागून पाहिलं तिला विचारा.

आता मागणं.

पहिलं, माणसं. महिन्यातून एक रविवार, सकाळचे तीन-चार तास. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू समजत असेल तर आधी या, बाई आपल्या भाषेत बोलली की खरी माहिती मिळते. बँकेतून, पोस्टातून, फंडाच्या किंवा महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांची आम्हाला फार गरज आहे. फाइल कोणत्या टेबलावर अडते ते तुम्हाला न सांगता कळतं. कॉलेजच्या मुलांनीही यावं, पण प्रमाणपत्रासाठी येऊन पहिल्याच तासाला सेल्फी काढणार असाल तर घरीच बरे. सोमवार ते शुक्रवारमध्ये बायांसोबत सिव्हिलला, बँकेत, फंडाच्या कार्यालयात जाणारे दोन-चार जण मिळाले तर निम्मं काम मार्गी लागेल.

दुसरं, सामान. चालू स्थितीतला लॅपटॉप, प्रिंटर-स्कॅनर, चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल. बंद पडलेला संगणक दान म्हणून पाठवू नका, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च आम्हालाच पडतो.

तिसरं, पैसे. ते जातात प्रतिज्ञापत्र आणि नोटरीला, फोटो-झेरॉक्सला, कुंभारीहून येणाऱ्यांच्या रिक्षाभाड्याला, आणि जिला दिवसभर कार्यालयात बसावं लागतं तिच्या बुडालेल्या मजुरीला. हे शेवटचं काहींना खटकतं. मजुरी बुडवून चकरा मारायला लागतात म्हणूनच फाइल अर्धवट राहते, असा आमचा अनुभव आहे, त्यामुळे हा खर्च आम्ही थांबवणार नाही. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल, महिन्याचा जमाखर्च मंडळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागतो. आयकरात सवलत देणारं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. ती हवी असेल तर लॅपटॉपच्या दुकानाचं बिल थेट तुम्हीच भरा असंही म्हणणार नाही, कारण त्यानेही ती मिळत नाही. सवलतीशिवाय जेवढं जमेल तेवढं द्या.

विडी कारखानदार आणि ब्रँच सांभाळणाऱ्यांना वेगळी विनंती. संयुक्त घोषणापत्रावरच्या सहीसाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस द्या. जुनी हजेरीपत्रकं आणि वेतनपुस्तकं रद्दीत घालू नका, तुमच्या कपाटातल्या त्या एका वहीवर एखाद्या बाईची दहा वर्षं सिद्ध होतात. मालक बदलला, नाव बदललं, कारखाना दुसरीकडे गेला, तरी कारखान्याचा फंडातला जुना कोड क्रमांक एवढा सांगितलात तरी शोध सोपा होतो.

मुख्याध्यापकांनाही एक गोष्ट सांगायची आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून थेट इंजिनिअरिंग-मेडिकलपर्यंत, आणि वरच्या टप्प्यावर ती वर्षाला २५ हजार रुपये आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. आईचं कार्ड आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. दरवर्षी मुदत संपल्यावर पोरं आमच्याकडे येतात. शाळा सुरू झाल्या झाल्या वर्गात विचारलंत की कुणाची आई विड्या वळते, तर हात वर होतील. लाजून कुणी हात वर केला नाही, तर एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

आणि बाहेरगावी असलेल्या सोलापूरकरांनो, तुमच्यातल्या कितीजणांची फी सुपातून गेली ते तुम्हाला माहीत आहे. पैसे पाठवायच्या आधी एक करा. आपली आई, मावशी, आत्या, शेजारची अक्का यांना फोन करून विचारा, की कार्ड कुठे आहे, फंड काढला का, हयातीचा दाखला यंदा दिला का. त्यांच्या आधारला तुमचा नंबर जोडलेला असेल तर रविवारी सकाळी फोन हाताशी ठेवा, आम्ही ओटीपी विचारायला त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याशी बोलणं करून देऊन फोन करू. दुसऱ्या कुणी मागितला तर सांगू नका.

ज्या बायांना काम करून घ्यायचं आहे, त्यांनी रविवारी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत मंडळाच्या खोलीवर यावं. येताना विडी कामगाराचं ओळखपत्र, आधार, बँकेचं पासबुक, फंडाची जुनी चिठ्ठी किंवा पावती काही असेल तर ती, दोन फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. कार्ड हरवलं असेल तर ब्रँचचं आणि सोबत काम केलेल्या दोघी-तिघींचं नाव आठवून यावं, तेवढ्यावरही सुरुवात करता येते. पैसे लागत नाहीत. झेरॉक्स इथेच काढून मिळेल. मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवून जाऊ नका, आमच्याही नाही.